हालो-हालो : एका पेल्यांतला इतिहास

श्रोते हो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. तें साहजिकच आहे; शाळेंत आपणांस तोच इतिहास शिकविला गेला. परंतु राष्ट्राच्या जीवनांतील कित्येक गोष्टी दप्तरखान्यांत सांपडत नाहींत, त्या स्वयंपाकघरांत सांपडतात. कागदांना कसर लागते, आगींत ते जळून जातात. पण आईनें मुलीला हातीं धरून शिकविलेला पदार्थ पिढ्यानुपिढ्या टिकतो. आज मी आपणांस अशाच एका पदार्थाची हकीकत सांगणार आहें. तो आपल्याकडचा नव्हे, फिलिपाइन्स बेटांतला आहे. त्याचें नांव हालो-हालो.

मनिला शहर व त्याच्या भोंवतालचे प्रांत यांची भाषा तागालोग. त्या भाषेंत 'हालो' म्हणजे मिसळणें. आपण जसें 'हळू हळू' म्हणतों, 'गोड गोड' म्हणतों, तशी ती भाषाहि शब्दाची द्विरुक्ति करून नवा अर्थ काढते. तेव्हां हालो-हालो म्हणजे नाना वस्तूंचें मिश्रण. आपल्या मराठींत याला अगदीं नेमका शब्द तयार आहे, तो म्हणजे मिसळ! फरक इतकाच कीं, आपली मिसळ डोळ्यांतून पाणी काढते, तर त्यांची मिसळ थंडगार आणि गोड असते. तेथील भाषामंडळाचें म्हणणें असें कीं, हा शब्द 'हालुहालो' असा जोडून लिहावा. दुकानांच्या पाट्यांवर मात्र 'हालो-हालो' हेंच रूप दिसतें. व्याकरणकार आणि बाजार यांचें भांडण सर्व देशांत सारखेंच!

प्रथम हा पदार्थ डोळ्यांपुढें आणूं. कांचेचा एक उंच पेला घ्यावा. त्याच्या तळाशीं साखरेच्या पाकांत शिजविलेले मूग किंवा तांबडे घेवडे. त्यांवर पाकांत मुरलेल्या केळ्याच्या फोडी. हें केळें 'साबा' जातीचें, म्हणजे आपल्या कोंकणांतील राजेळ्याप्रमाणें शिजवून खाण्याजोगें. मग फणसाच्या गऱ्यांच्या चिरफळ्या आणि रताळ्याचे तुकडे. मग 'काओंग' नांवाचे पांढुरके, अर्धपारदर्शक दाणे. हे एका जातीच्या ताडाच्या फळांतून निघतात व आपल्या ताडगोळ्यांची आठवण करून देतात. कोणी साबुदाणा घालतात, कोणी काबुली चणे, कोणी मक्याचे दाणे. समुद्रांतील शेवाळापासून केलेल्या 'गुलामान'चे रंगीत चौकोन असतात. या सर्वांवर किसलेल्या बर्फाची शीग लावतात, आणि त्या पांढऱ्या शिखरावरून आटीव दूध ओततात. माथ्यावर कोनफळाचा जांभळा हलवा, अंडीं व दूध यांपासून केलेल्या 'लेचे फ्लान'ची एक वडी, आणि कोंवळा चिकट तांदूळ कांडून व भाजून केलेले 'पिनिपिग', म्हणजे एक प्रकारचे पोहेच. अलीकडे त्यावर आइसक्रीमचा जांभळा गोळाहि येऊन बसला आहे. लांब दांड्याचा चमचा हातांत देऊन विक्रेता बाजूला होतो. पुढचें काम खाणाऱ्याचें. त्यानें तळापासून माथ्यापर्यंत सर्व ढवळावयाचें, बर्फ दुधांत विरघळवावयाचा, आणि मग तोंडांत पहिला घांस घालावयाचा. न ढवळतां जो खाईल तो परका समजावा.

आतां प्रश्न असा कीं, हा पेला प्रथम भरला कोणी? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास निघालें कीं सबंध आशिया खंडाची, आणि थोडीशी अमेरिकेचीहि, सफर घडते.

या पेल्यांत आपणांस सर्वांत सामान्य वाटणारी वस्तु कोणती? बर्फ. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तीच सर्वांत असामान्य आहे. फिलिपाइन्स बेटें उष्ण कटिबंधांत. तेथें बारमाही हिम धारण करणारा एकहि पर्वत नाहीं. म्हणूनच बर्फाला रोजच्या व्यवहारांत तेथें देशी शब्द नाहीं. 'येलो' हा शब्द चालतो आणि तो स्पॅनिश भाषेंतून आलेला आहे. स्पॅनिश लोकांनीं १५६५ पासून १८९८ पर्यंत या बेटांवर राज्य केलें, त्याची ही खूण. आपण यावर हंसावें असें कांहीं नाहीं. आपला 'बर्फ' तरी कोठचा? तो फारसीचा पाहुणा. संस्कृतांतला 'हिम' काव्यांत राहिला, आणि गाडीवाल्याच्या आरोळींत फारसी बर्फ आला. जी वस्तु बाहेरून येते ती बहुधा आपलें नांवहि बरोबर घेऊन येते.

उष्ण देशांत बर्फ प्रथम आला तो समुद्रमार्गानें. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील तळीं हिंवाळ्यांत गोठत, तेव्हां त्यांचे चिरे कापून, लांकडाच्या भुशांत पुरून, जहाजांतून परदेशीं पाठविण्याचा धंदा फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें मांडला. लोकांनीं त्याला वेडा ठरविलें. परंतु १८३३ च्या मे महिन्यांत बोस्टन बंदरांतून 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालें, आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें तेव्हां त्यांतला सुमारें १०० टन शाबूत होता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, मुंबईकरांनींहि हा बर्फ पाहिला. शेट जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत आइसक्रीम वाढलें, आणि यजमानासह पाहुण्यांना पडसें झालें, अशी गंमतीची हकीकत जुन्या मुंबईविषयीं सांगतात. मद्रासेस १८४२ सालीं बांधलेलें बर्फघर समुद्रकांठीं अद्यापि उभें आहे; १८९७ सालीं स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच वास्तूंत झाला होता. मनिलालाहि एकोणिसाव्या शतकांत असा परदेशी बर्फ येत असे. पण तो यावयाचा श्रीमंतांच्या टेबलावर. हजारों मैलांचा प्रवास करून आलेली वस्तु रस्त्यावरच्या हमालाच्या ओंजळींत कशी पडावी?

ती पडली पुढें साठ-सत्तर वर्षांनीं. १८९८ सालीं स्पेन व अमेरिका यांचें युद्ध झालें, आणि पॅरिसच्या तहान्वयें स्पेननें ही सबंध बेटें दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवालीं केलीं. फिलिपिनो लोकांनीं स्वातंत्र्य आधींच पुकारलें होतें. त्यांना कोणीं विचारलें नाहीं. नव्या राज्यकर्त्यांनीं मनिलांत ज्या गोष्टी अगत्यानें उभारल्या त्यांत बर्फाचा कारखाना एक होता. सैन्याचें मांस टिकावें, रुग्णालयांची सोय व्हावी, गोऱ्या माणसास उन्हाळा सुसह्य व्हावा, हे त्यांतले हेतु. पासिग नदीच्या दक्षिण तीरावर १९०२ सालीं हा 'इन्शुलर आइस प्लँट' उभा राहिला आणि त्याचें उंच धुरांडें शहराची एक खूण होऊन बसलें. यंत्रानें बर्फ करण्याची युक्ति आतां आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अमोनियासारखा वायु दाबावयाचा, दाबांत त्याचा द्रव करावयाचा, आणि पुन्हा मोकळा पसरूं द्यावयाचा. पसरतांना तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो. त्यानें मिठाचें पाणी थंड होतें, आणि त्या पाण्यांत बुडविलेल्या डब्यांतील गोड्या पाण्याच्या लाद्या तयार होतात. ही लादी भुशांत गुंडाळून हातगाडीवर घालतां येते. बोस्टनचा बर्फ शेटजींचा होता, लादीचा बर्फ फेरीवाल्याचा झाला.

या कारखान्याच्या समोर, नदीच्या उत्तर तीरावर, किआपो नांवाचा गजबजलेला भाग आहे. तेथें 'किंता' नांवाचा बाजार नदीला लागूनच भरतो. दोन तीरांमध्यें पूर्वीं एक झुलता पूल होता. १९३९ च्या सुमारास त्याची जागा आजच्या केझोन पुलानें घेतली. म्हणजे कारखान्यांतून निघालेली लादी विरघळण्यापूर्वींच बाजारांत पोंचावी, अशी ही जागा. श्रोत्यांनीं हा भूगोल ध्यानांत ठेवावा; त्यावर आपल्या कथेचा पुढला भाग अवलंबून आहे.

आतां आपण क्षणभर जपानांत जाऊं. बर्फ किसून गोड करून खाण्याची हौस त्या देशांत फार जुनी. एक हजार वर्षांपूर्वीं तेथील राणीच्या पदरीं सेइ शोनागोन नांवाची एक विदुषी होती. तिनें आपल्या टिपणांच्या पुस्तकांत नाजूक व रमणीय वस्तूंची एक यादी दिली आहे, आणि तींत नव्या धातूच्या वाटींत वेलीच्या गोड रसासह वाढलेल्या किसलेल्या बर्फाचा उल्लेख केला आहे. तेव्हां हा पदार्थ राजवाड्याचा होता. हिंवाळ्यांतला बर्फ डोंगरांतील गुहांत पुरून ठेवावयाचा आणि उन्हाळ्यांत दरबारासाठीं काढावयाचा, इतका तो दुर्मिळ. पुढें एकोणिसाव्या शतकांत, जपान जगाला खुला झाल्यावर, उत्तरेकडील हाकोदाते येथील बर्फ बंदरोबंदरीं विकला जाऊं लागला. आणि १८८७ सालीं मुराकामी हान्साबुरो यानें हातानें फिरवावयाच्या किसणीयंत्राची सनद घेतली. लादी चिमट्यांत धरावयाची, चाक फिरवावयाचें, आणि खालीं पात्यावरून रेशमासारखा कीस पडावयाचा. राजवाड्यांतील 'काकिगोरी' अशी रस्त्यावर आली. तिच्यावर पाक घालीत. आणि जपानी लोकांना अझुकी नांवाच्या तांबड्या कडधान्याचें गोड पुरण अतिशय प्रिय असल्यामुळें तेंहि तिच्याबरोबर देऊं लागले. कडधान्य गोड करून खाणें युरोपियनांस विचित्र वाटतें. पुरणपोळी खाणाऱ्या आपणांस त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

हे जपानी फिलिपाइन्समध्यें कां गेले? पोटासाठीं गेले. अमेरिकन अधिकाऱ्यांना मनिलाचा उन्हाळा सोसेना, म्हणून इंग्रजांनीं जसें सिमला वसविलें तसें त्यांनीं डोंगरावर बागिओ वसविलें. तेथें जाणारा बेंगेट मार्ग अत्यंत बिकट दरींतून काढावयाचा होता. १९०३ पासून त्या कामावर जपानी मजूर मोठ्या संख्येनें आणले गेले. कित्येक तेथेंच दरड कोसळून व रोगराईनें मेले. १९०५ सालीं मार्ग पुरा झाल्यावर उरलेल्यांतले पुष्कळ जण ओता क्योसाबुरो या व्यापाऱ्याच्या मागून दक्षिणेकडील दावाओ प्रांतांत गेले आणि त्यांनीं तेथें आबाका नांवाच्या झाडाचे मळे केले. जहाजाचे 'मनिला' दोर ज्या वाखापासून वळतात तोच हा वाख. १९३९ च्या खानेसुमारीच्या वेळीं या बेटांत सुमारें २९ हजार जपानी होते आणि त्यांपैकीं बहुसंख्य दावाओंत होते. मनिलांत राहिलेले सुतार झाले, कोळी झाले, किरकोळ दुकानदार झाले. आणि त्यांतल्या कांहींनीं थंड पेयांचीं दुकानें घातलीं.

या दुकानांत जो पदार्थ मिळे त्याला लोक 'मोंगो-या' म्हणत. जपानी भाषेंत 'या' हा प्रत्यय दुकानाला लावतात. आणि मोंगो म्हणजे मूग. अझुकीच्या जागीं या दुकानदारांनीं तेथें मिळणारे मूग घेतले, ते साखरेंत शिजविले, त्यांवर किसलेला बर्फ घातला आणि वरून दूध ओतलें. बस्स, इतकेंच. फिलिपिनो इतिहासकार आंबेथ ओकांपो यांनीं या मोंगो-यांतच आजच्या हालो-हालोचें मूळ पाहिलें आहे. आणि गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चवथ्या दशकांत किंताच्या बाजारांत बसणाऱ्या जपानी दुकानदारांकडे तें श्रेय दिलें जातें. बर्फाचा कारखाना समोरच्या तीरावर, बाजार या तीरावर, आणि किसणीयंत्र फिरविण्यास जाणणारा माणूस त्या बाजारांत; हे तीन धागे एकत्र आले कीं अनुमान बळकट होतें.

'मोंगो' हा शब्द ऐकून आपल्या मराठी कानास ओळखीचें कांहीं ऐकल्यासारखें वाटलें असेल. मुगाचें माहेर हिंदुस्थान. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीं आपल्याच शेतकऱ्यांनीं रानमूग माणसाळविला, आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो पूर्वेकडच्या बेटांत पसरला. साखरेची कथा याहून मनोरंजक आहे. तागालोग भाषेंत साखरेला 'आसुकाल' म्हणतात. तो शब्द स्पॅनिश 'आसूकार' यावरून, तो अरबी 'सुक्कर' यावरून, तो फारसी 'शकर' यावरून, आणि तो आपल्या 'शर्करा' या शब्दावरून आला. आपला शब्द पश्चिमेच्या वाटेनें अर्धी पृथ्वी हिंडून पूर्वेच्या बेटांत पोंचला. तेव्हां हा पेला आपणांस सर्वस्वी परका आहे असें आपणांसहि म्हणतां येणार नाहीं.

परंतु श्रोते हो, येथें एक शंका उपस्थित होते, आणि ती महत्त्वाची आहे. मोंगो-यांत तीन-चार वस्तु; हालो-हालोंत दहा-बारा. काकिगोरीची शोभा तिच्या साधेपणांत आहे, हालो-हालोची गर्दींत. मग ही गर्दी आली कोठून? ती जपानांतून आलेली नाहीं. फिलिपाइन्समध्यें एक दुसरा पदार्थ आहे. रताळीं, साबा केळीं, फणस, साबुदाणा, तांदळाच्या पिठाच्या गोळ्या हें सर्व नारळाच्या रसांत शिजवून गरम गरम खातात. नारळाच्या रसाला 'गाता' म्हणतात, म्हणून तो पदार्थ 'गिनाताआंग हालो-हालो', म्हणजे नारळाच्या रसांतली मिसळ. गोव्याकडचें मणगणें ज्यांनीं खाल्लें असेल त्यांना याची कल्पना सहज येईल. या पदार्थाला बर्फाचा कारखाना नको, किसणीयंत्र नको, परकी सत्ता नको. चूल आणि नारळ असला म्हणजे झालें. त्याशिवाय फळें व कंद पाकांत मुरवून बरणींत भरून ठेवण्याची चाल घरोघर होतीच. म्हणजे मिसळण्याची कल्पना मूळची तेथल्याच मातींतली. बर्फ कारखान्यांतून आला, किसण्याची कला जपान्यांकडून आली. पण ज्या हातांनीं बरण्या उघडून एकाच पेल्यांत सर्व कांहीं ओतलें ते हात फिलिपिनो होते.

मधल्या पायऱ्याहि आज शाबूत आहेत. 'मायीस कोन येलो' म्हणजे बर्फासह मका, 'साबा कोन येलो' म्हणजे बर्फासह केळें. एका वस्तूवर बर्फ, दुसऱ्या वस्तूवर बर्फ, आणि मग कोणा गिऱ्हाईकाच्या लाडिक हट्टापायीं दोन्हींवर एकदम बर्फ. असा हा पेला भरत गेला.

आणि त्या बरण्या तरी काय काय सांगतात! मका व रताळें हीं मूळचीं अमेरिकेचीं. मनिला आणि मेक्सिकोंतील आकापुल्को यांच्यामध्यें १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशें वर्षें, स्पॅनिश गलबतांची ये-जा होती. मनिलाहून चिनी रेशीम जाई, मेक्सिकोहून चांदी येई, आणि चांदीबरोबर खलाशांच्या शिधाच्या पोत्यांतून नवें बियाणें येई. रताळ्याचें तेथील 'कामोते' हें नांव मेक्सिकोच्या मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतलें आहे. आपल्या उपवासाचें रताळें व मकाहि मूळचीं त्याच खंडांतलीं. पवित्रतेचा शिक्का तेवढा आपण मागून मारला. काबुली चणे व लेचे फ्लान हे स्पेनचे. हें फ्लान म्हणजे गोव्यांतील ख्रिस्ती घरांत होणाऱ्या जळक्या साखरेच्या पुडिंगाचें सख्खें भावंड. एक स्पेनच्या वाटेनें गेलें, दुसरें पोर्तुगालच्या. दूध अमेरिकेचें, आणि तेंहि डब्यांतलें. त्या बेटांत गुरें थोडीं, उष्णतेनें दूध नासावयास वेळ लागत नसे. गेल बोर्डन यानें १८५६ सालीं दूध आटवून डबाबंद करण्याची जी सनद घेतली, तिच्यामुळें दुधाची गोडी तेथील गरिबाच्या पेल्यांत पडली. कोनफळ, केळें, फणस, काओंग, पोहे हे मात्र घरचे. आपल्याकडे ज्याला कोनफळ म्हणतात त्याच जांभळ्या कंदाला ते 'उबे' म्हणतात, आणि त्याच्या रंगाचा त्यांना मोठा अभिमान.

येथवर ही कथा गोड आहे. परंतु इतिहासाचा पेला तळापर्यंत ढवळला म्हणजे कडूहि वर येतें.

८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं फिलिपाइन्सवर बाँब टाकले. पहिल्या कांहीं दिवसांत तेथील जपानी रहिवाशांना धरून कोंडून ठेवण्यांत आलें. कालपर्यंत बर्फ किसून देणारा शेजारी एका रात्रींत शत्रु झाला. पुढें २ जानेवारी १९४२ रोजीं जपानी सेना मनिलांत शिरली आणि पारडें फिरलें. आतां त्याच रहिवाशांतले कित्येक दुभाषे झाले, कित्येक सैन्यांत ओढले गेले. "आमच्या आळींतला आइसक्रीमवाला जपानी एके दिवशीं अधिकाऱ्याचा गणवेष घालून आला," अशा गोष्टी त्या पिढीचे लोक सांगत. त्यांतल्या किती खऱ्या व किती भयानें रचलेल्या, हा प्रश्न निराळा. पण विश्वास उडाला हें खरें. १९४५ च्या फेब्रुवारींत अमेरिकन सेना परत आली, तेव्हां जपानी तुकड्यांनीं मनिला सोडली नाहीं. महिनाभर घरोघर लढाई झाली. पासिगवरचे पूल उडविले गेले, नदीच्या दक्षिणेकडील जुनें शहर मातीस मिळालें, आणि सुमारें एक लाख नागरिक प्राणांस मुकले. कित्येकांची तर सरळ कत्तल झाली.

युद्ध संपल्यावर जपानी रहिवाशांना जहाजांत घालून जपानांत परत पाठविण्यांत आलें. ज्यांनीं त्या भूमींत चाळीस वर्षें घाम गाळला होता, ज्यांचीं लग्नें तेथें झालीं होतीं, तेहि गेले. फिलिपिनो आयांच्या पदरीं राहिलेलीं त्यांचीं मुलें बापाचें नांव लपवून, कागदपत्रें नष्ट करून, डोंगरांतून वाढलीं. किंताच्या बाजारांत मोंगो-या विकणारे जपानी दुकानदार पुन्हा दिसले नाहींत. मोंगो-या हें नांवहि लोकांच्या जिभेवरून हळूहळू उतरलें.

पण पेला राहिला! हा मला या सर्व कथेंतला मर्माचा भाग वाटतो. ज्या लोकांना जपानी हा शब्द कानीं पडतांच अंगावर कांटा येई, त्यांनीं तो पेला टाकला नाहीं. कोणी म्हणेल, त्यांना त्याचें मूळ ठाऊक नव्हतें. वडील पिढीला तें पुरतें ठाऊक होतें. तिनें आपल्या लहानपणीं जपान्याच्या हातचाच बर्फ खाल्ला होता. परंतु तोंवर त्यांत इतकें घरचें मिसळलें होतें कीं, परकें वेगळें काढतां येईना. आईच्या हातचें कोनफळ व आपल्या परसांतला फणस ज्यांत पडला, त्याला शत्रूचा म्हणावें कसें?

याच संदर्भांत एका माणसाची आठवण केली पाहिजे. एल्पिदिओ किरिनो हे १९४८ पासून १९५३ पर्यंत फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष होते. १९४५ च्या त्या फेब्रुवारींत त्यांची पत्नी व तीन मुलें मनिलांत जपान्यांच्या हातून मारलीं गेलीं होतीं. १९५३ सालीं त्याच किरिनोंनीं तुरुंगांतील शंभरावर जपानी युद्धकैद्यांना क्षमा करून मायदेशीं धाडलें. द्वेषाचा वारसा आपल्या मुलांस देण्याची आपली इच्छा नाहीं, अशा अर्थाचें त्यांचें निवेदन होतें. देशांत त्यांच्यावर टीका झाली. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हें समजावून सांगणें नेहमींच कठीण असतें. १९५६ सालीं युद्धहानीच्या भरपाईचा करार झाला आणि दोन्ही देशांचा व्यवहार पुन्हा सुरू झाला.

पुढच्या काळांत हा पेला आणखी भरला, आणि या वेळीं भर पडली ती तेथल्याच कारागिरांची व शास्त्रज्ञांची. नारळाच्या पाण्यांत एक प्रकारचे सूक्ष्म जंतु वाढवून त्यावर जी जाड, चिवट साय धरते ती पाकांत मुरविली म्हणजे 'नाता दे कोको' होतो. तो गेल्या शतकाच्या मध्यास प्रचारांत आला. त्याहून नवलाचा 'माकापुनो'. कांहीं नारळांत पाणी न राहतां मऊ, लोण्यासारखा गर भरलेला असतो. तो अतिशय रुचकर, पण असा नारळ पेरला तर रुजत नाहीं, कारण कोंबाला त्या गरांतून पोषण मिळत नाहीं. लोस बान्योस येथील विद्यापीठांत एमेरिता दे गुझमान या विदुषीनें १९६० नंतरच्या दशकांत त्यांतला सूक्ष्म अंकुर काढून प्रयोगशाळेंत कांचेच्या नळींत वाढविण्यांत यश मिळविलें. जी वस्तु निसर्गानें निर्वंश ठरविली होती तिच्या बागा उभ्या राहूं लागल्या. उलट पांपांगा प्रांतांतील ग्वाग्वा येथें लोकांनीं गर्दी कमी केली; केळें, माकापुनो व फ्लान एवढ्या तीनच वस्तु ठेवून बर्फ मात्र अगदीं पिठासारखा किसावा, असा त्यांचा आग्रह. त्याच प्रांतांतील आरायात गांवची तऱ्हा आणखी निराळी. पदार्थाला घराणीं फुटलीं म्हणजे तो खरा देशी झाला असें समजावें!

दोरीन फर्नांदेस नांवाच्या एका विदुषीनें फिलिपिनो आहाराचा जन्मभर अभ्यास केला. परका पदार्थ देशी कसा होतो, हा तिच्या अभ्यासाचा एक आवडता विषय होता. प्रथम नांव बदलतें, मग साहित्य बदलतें, मग खाण्याची वेळ व रीत बदलते, आणि शेवटीं मुलांना असें वाटूं लागतें कीं हा पदार्थ आपल्याकडे अनादि कालापासून आहे. हालो-हालोचें नेमकें असेंच झालें. आज मार्च ते मे हे तेथील उन्हाळ्याचे महिने सुरू झाले कीं, गल्लीगल्लींतून घरापुढें टेबलें मांडून, बरण्यांची ओळ लावून बायका हालो-हालो विकावयास बसतात. समुद्रापार गेलेले फिलिपिनो खलाशी, परिचारिका व मजूर जेथें जेथें वसले तेथें तेथें तो गेला आहे. तो ज्या कारखान्याच्या आश्रयानें वाढला तो इन्शुलर आइस प्लँट मात्र उरला नाहीं. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत नव्या आगगाडीच्या मार्गासाठीं तो पाडला गेला. आश्रयदाता गेला, आश्रित राहिला.

मग हा पदार्थ कोणाचा म्हणावयाचा? जपान्यांचा? अमेरिकनांचा? फिलिपिनोंचा? मला वाटतें, फिलिपिनोंचाच म्हणावा. कारण ज्यानें मिसळलें त्याची मिसळ. परंतु तो त्यांचा म्हणत असतांना किंताच्या बाजारांत चाक फिरवीत बसलेल्या त्या अनामिक जपानी दुकानदाराला, आणि बेंगेटच्या दरींत पुरल्या गेलेल्या त्याच्या सोबत्यांना विसरूं नये. ते सैन्य घेऊन आले नव्हते, भाकरीच्या शोधांत आले होते. आणि मागून आलेल्या सैन्याच्या पापाचा भार त्यांच्याहि माथीं बसला. इतिहासकाराचें काम पेल्यांतले थर वेगळे करून दाखविण्याचें, खाणाऱ्याचें काम ते एकत्र ढवळण्याचें. देशाचें आरोग्य दोघांनींहि आपापलें काम नीट करण्यावर अवलंबून असतें. नुसते थर मोजीत बसलें तर बर्फ वितळून जातो. आणि काय खातों याची जाणीवच न ठेवतां ढवळलें तर शेजाऱ्याला परका म्हणावयास वेळ लागत नाहीं.

पुढच्या वैशाखांत गिरगांवच्या चौपाटीवर बर्फाचा गोळा घ्याल, तेव्हां लादी किसणाऱ्या त्या हाताकडे क्षणभर पाहा. त्याच्या पेटींतला बर्फ फारसी, साखर संस्कृत, आणि तो स्वतः कोठल्या गांवाहून पोटासाठीं आला असेल, हें त्याला सहज विचारून पाहावें.